शाळामास्तर ओहम यांचे चरित्र

रब्बीचा हंगाम सुरू झाला म्हणजे आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेडोपाडी एक तक्रार हटकून कानी पडते. व्होल्टेज पुरत नाही, मोटार पाणी उचलीत नाही. आणि चार दिवसांनी ऐकावे तो मोटार जळालेली असते. गोदावरीच्या काठी ही तऱ्हा, तर मांजरेच्या खोऱ्यात, जेथे पाणी पाताळात गेले आहे आणि बोअरमध्ये मोटार सोडल्यावाचून ते वर येत नाही, तेथील गोष्ट काय सांगावी! सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, हे आमच्या पुष्कळ वाचकांस आठवत असेल. अशा मुलखात मोटार जळणे म्हणजे केवळ तांब्याची तार जळणे नव्हे. तिच्याबरोबर शेतात उभा असलेला हरभरा वाळतो, आणि मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेला पैसाही कित्येकदा त्याच वाटेने जातो.

अशा वेळी कोणी डीपीला दोष देतो, कोणी मोटार करणाऱ्या कारखान्यास, तर कोणी आपल्या नशिबास. वास्तविक दोष कोठे आहे हे ठरविण्यास दोन-तीन मापे, एक वजाबाकी, एक भागाकार व एक गुणाकार एवढी सामग्री पुष्कळ वेळा पुरेशी होते. हे गणित ज्या नियमावर उभे आहे तो नियम एका शाळामास्तराने शोधून काढला. त्याचे नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी रोज असते. परंतु ते एका मापाचे नाव म्हणून. त्या नावामागे एक हाडामांसाचा, चुकलेला, हिरमुसलेला आणि तरीही न डगमगलेला मनुष्य होता हे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून जॉर्ज सायमन ओहम यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन या गावी झाला. हे गाव आज बव्हेरिया प्रांतात मोडते. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे-किल्ल्या करणारे कारागीर होते, व आई एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्यास सात अपत्ये झाली. त्यांपैकी जॉर्ज, मार्टिन व एक बहीण अशी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही निवर्तली. घरी संपत्ती नव्हती. परंतु वडिलांच्या अंगी एक विलक्षण गुण होता. शाळेत फारसे न शिकता त्यांनी केवळ स्वतःच्या हिमतीवर उच्च गणिताचा व शास्त्रांचा अभ्यास केला होता, आणि हातातले काम सांभाळून ते आपल्या दोन्ही मुलांस गणित, पदार्थविज्ञान, रसायन व तत्त्वज्ञान हे विषय शिकवीत असत. गावच्या शाळेत मिळाले नाही इतके शास्त्राचे शिक्षण त्या मुलांस बापाच्या कारखान्यात मिळाले. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना एरलांगेन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली, आणि स्वित्झर्लंडातील प्रख्यात बेर्नुली घराण्यातील गणितज्ञ बंधूंशी या कुलूपकाराच्या मुलांची तुलना केली.

पुढील भाग सांगताना आम्हांस किंचित संकोच वाटतो. पण चरित्र म्हटले की खरे तेच सांगावयास हवे. सन १८०५ साली जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला आणि अभ्यास सोडून नाच, बिलियर्डचा खेळ व बर्फावरील स्केटिंग यांत रमला. ज्या बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलास शिकविले त्यास हे कसे सहन व्हावे? त्यांनी मुलास तीन सत्रांनंतर विद्यापीठातून काढले व स्वित्झर्लंडात पाठविले. तेथे सन १८०६ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो एका शाळेत गणित शिकवू लागला. ही शिक्षाच त्यास वरदान ठरली. पुढे खाजगी शिकवण्या करीत त्याने लाप्लास, ऑयलर आदी थोर गणितज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचले, आणि सन १८११ मध्ये एरलांगेनला परत येऊन त्याच विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली.

पदवी मिळाली म्हणून दैन्य मात्र संपले नाही. विद्यापीठातील अध्यापनात पोट भरेना, तेव्हा सन १८१३ पासून ओहम यांनी बाम्बेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी धरली. तीन वर्षांनी ती शाळाच बंद पडली, व त्यांची रवानगी मुलांनी खचाखच भरलेल्या दुसऱ्या शाळेत झाली. या नोकरीच्या काळातच त्यांनी भूमितीवर एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठविले. त्याचे फळ असे की, सन १८१७ मध्ये कोलोन शहरातील जुन्या जेसुइट विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान यांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. या विद्यालयात चांगली प्रयोगशाळा होती. कुलूपकाराच्या मुलाचे हात आणि गणितज्ञाचे डोके या दोहोंस एकाच जागी काम मिळण्याचा योग येथे जुळून आला.

तो काळ विजेच्या शास्त्राच्या बालपणाचा होता. सन १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टा यांनी विजेची पहिली बॅटरी प्रसिद्ध केली होती. सन १८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांनी तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची वळते, हे दाखविले. सूची अधिक वळली म्हणजे प्रवाह अधिक. अर्थात प्रवाह मोजण्याची युक्ती हाती आली. परंतु तार लांब केली तर प्रवाह नेमका किती घटतो, जाड केली तर किती वाढतो, यांचा निश्चित नियम सर्वमान्य झालेला नव्हता. शाळेचे तास संपल्यावर ओहम हे प्रयोगशाळेत बसत व वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून सूचीकडे पाहात.

सन १८२५ मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात एक सूत्र दिले. ते सूत्र चुकीचे होते. चूक गणितात नव्हती. त्यांनी जी बॅटरी वापरली होती तिचा जोर काम सुरू असताना बदलत असे; ती घटकेत जोमाने चाले, घटकेत मंदावे. प्रवाहाच्या त्या चढउतारात बॅटरीचा भाग कोणता व तारेचा भाग कोणता हे वेगळे निघेना, आणि उगमातील दोष तारेच्या माथी बसला. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या शेतातील मोटारीच्या गोष्टीशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

छापून गेलेली चूक कबूल करणे कोणासही कठीण. मग जो शाळेतून विद्यापीठात जाण्याची आस धरून बसला आहे, त्यास तर किती कठीण असेल! परंतु ओहम यांनी आपल्या सूत्राची भलावण करीत बसण्याऐवजी प्रयोग पुन्हा केला. पोगेनडोर्फ या संपादकाने त्यांस सुचविले की, बॅटरीऐवजी उष्णतेपासून वीज उत्पन्न करणारी जोडणी वापरावी. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांस जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला तर त्यांतून वीज वाहते, हा शोध झेबेक यांनी थोड्याच वर्षांपूर्वी लावला होता. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांची अशी जोडणी केली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्याने तापविला व दुसरा बर्फाने गार ठेवला. पाणी उकळते आहे व बर्फ वितळते आहे तोपर्यंत दोहोंच्या तपमानांतील अंतर कायम राहते, म्हणून विजेचा दाबही कायम राहतो. उगम असा स्थिर झाल्यावर जो काही फरक दिसेल तो तारेचाच, याविषयी संशय उरला नाही.

प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी धातूच्या बारीक पट्टीस चुंबकसूची टांगली. प्रवाहाने सूची वळली म्हणजे पट्टीस पीळ देऊन ती मूळ जागी आणावयाची, आणि पीळ किती लागला तो आकडा टिपून ठेवावयाचा. मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी अनुक्रमे २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ व १३० इंच अशी होती. सन १८२६ च्या जानेवारीतील एका दिवशीच्या मापांत दोन इंचांच्या तारेस सुमारे ३२७, तर १३० इंचांच्या तारेस सुमारे ४८.५ असा आकडा आला.

आता पाहा. तार पासष्टपट लांब झाली, पण प्रवाह मात्र साधारण पावणेसातपटच घटला. उतावळा मनुष्य येथेच हात टेकता. ओहम यांनी मात्र असा विचार केला की, वीज काही केवळ या तारेतूनच जात नाही. ती बिस्मथच्या पट्टीतून व बाकीच्या जोडणीतूनही जाते, आणि तेथेही तिला अडथळा होतोच. तो अडथळा त्या तारेच्या सव्वावीस इंचांइतका धरला की सर्व आकडे एका ओळीत बसतात. २ मध्ये सव्वावीस मिळविले म्हणजे सव्वाबावीस. १३० मध्ये सव्वावीस मिळविले म्हणजे सव्वादीडशे. आणि सव्वादीडशे हे सव्वाबावीसच्या पावणेसातपट आहेत. दाब कायम असता एकंदर अडथळा जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने प्रवाह घटतो, असा तो नियम निघाला.

पाण्याच्या उपमेने तो सहज समजेल. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा जोर अधिक. हा विजेचा दाब. नळातून एका पळात जितके पाणी वाहते तो प्रवाह. नळ लांब व अरुंद असला म्हणजे पाणी अडते, तो रोध. स्वतः ओहम यांनी मात्र उष्णतेचा आधार घेतला होता. तापलेल्या सळईतून उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कशी वाहते याचे गणित फ्रान्सच्या फूरिये यांनी सन १८२२ मध्ये मांडले होते. त्याच धर्तीवर ओहम यांनी विजेचे गणित रचले. शाळेतून अर्ध्या पगारावर वर्षाची रजा घेऊन ते बर्लिनला आपला भाऊ मार्टिन याच्याकडे गेले, आणि सन १८२७ मध्ये विजेच्या मंडलाचे गणिती विवेचन करणारा आपला ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला.

या ग्रंथाने आपणांस विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. प्रयोग करणाऱ्यांस त्यातील गणित अवघड वाटले, व तत्त्वज्ञानात रमणाऱ्यांस सृष्टीचे मर्म असे आकड्यांनी मोजणेच मान्य नव्हते. काहींनी तर उघड टीका केली. सन १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला. पुढील पाच वर्षे बर्लिनमध्ये आठवड्यातून थोडे तास गणित शिकवून त्यांनी कसाबसा निर्वाह केला. ज्या नियमावर पुढे साऱ्या जगातील विजेचे व्यवहार चालावयाचे होते, त्या नियमाचा कर्ता ऐन उमेदीच्या वयात असा उपेक्षित राहिला. सन १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयात त्यांस जागा मिळाली, तेव्हा कोठे त्यांची घडी बसली.

तथापि सत्यास वकिलाची गरज नसते. मोजणारा मात्र लागतो. जर्मनीत फेखनर, रशियात लेंझ अशा शास्त्रज्ञांनी स्वतः मापे घेऊन पाहिली, आणि जो जो मोजी त्याला त्याला ओहम यांचाच नियम आढळे. सन १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कॉप्ले पदक अर्पण केले व पुढील वर्षी आपले परदेशीय सभासद करून घेतले. मग मायदेशासही जाग आली. सन १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले, आणि सन १८५२ मध्ये तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे मुख्य प्राध्यापक झाले. तारुण्यापासून ज्या पदाची इच्छा धरली होती ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हाती आले, व त्याचा उपभोग अवघी दोन वर्षे घडला. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले. ते अखेरपर्यंत अविवाहित होते. त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, सन १८८१ मध्ये, पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्तज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोधाच्या मापास ओहम हे नाव मान्य केले. दाबाचे माप व्होल्ट व प्रवाहाचे माप अँपिअर हेही तेथेच ठरले.

येथे आणखी एका पुरुषाचे स्मरण करणे उचित होईल. इंग्लंडातील धनाढ्य शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी ओहम यांच्या कित्येक वर्षे आधी असाच निष्कर्ष काढला होता. त्या वेळी मापक यंत्र नव्हते, म्हणून स्वतःच्या अंगास बसणाऱ्या झटक्यावरून ते विजेचा अंदाज घेत. पण त्यांनी हे काम छापलेच नाही. त्यांची टिपणे सन १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी प्रसिद्ध केली तेव्हा ते जगास कळले. पेटीत ठेवलेली विद्या कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चुकण्याचा धोका पत्करून जो आपले काम चारचौघांपुढे मांडतो, त्याच्याच हातून लोकांचे कल्याण होते.

आता त्या नियमाचे गणित पाहू. दाबास प्रवाहाने भागले म्हणजे रोध मिळतो. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत एक तार जोडून दीड व्होल्ट दाब दिला आणि प्रवाह ०.३ अँपिअर आला, तर रोध ५ ओहम. तीन व्होल्टांस ०.६ अँपिअर येईल व साडेचार व्होल्टांस ०.९ अँपिअर, भागाकार प्रत्येक वेळी पाचच. हे पाच न बदलणे हाच ओहम यांचा नियम होय. मात्र तारेचे तपमान कायम राहिले पाहिजे, ही अट विसरू नये. काचेच्या जुन्या दिव्यातील तंतू पेटला की त्याचा रोध थंड असतानाच्या दहापटीहूनही अधिक होतो.

वीज दर सेकंदास किती काम करते, म्हणजे तिची शक्ती किती, हे काढावयाचे असेल तर दाबास प्रवाहाने गुणावे. उत्तर वॅटमध्ये येते. वरील उदाहरणात दीड व्होल्टांस ०.४५ वॅट, आणि साडेचार व्होल्टांस ४.०५ वॅट. दाब तिप्पट झाला, शक्ती मात्र नऊपट! दाबाबरोबर प्रवाहही तिप्पट होतो म्हणून असे घडते. इंग्लंडचे जूल यांनी सन १८४१ च्या सुमारास दाखवून दिले की तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यांचा हा नियम ओहम यांच्या नियमाचा सख्खा भाऊच म्हणावयाचा.

घरातले उदाहरण घ्या. पाणी तापविण्याच्या एखाद्या उपकरणावर २३० व्होल्ट व १००० वॅट असे लिहिले आहे. हजारास २३० ने भागले म्हणजे प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर; आणि २३० ला ४.३५ ने भागले म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. आता संध्याकाळी दाब उतरून १८० व्होल्ट झाला. रोध तोच राहिला तर प्रवाह ३.४ अँपिअर होईल व शक्ती सुमारे ६१२ वॅट. दाब पाचवा हिस्सा व थोडा अधिक घटला, पण उष्णता मात्र हजाराची जवळजवळ सहाशेवर आली. आमच्या माताभगिनींस पाणी तापण्यास एवढा उशीर का लागतो, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

आता आपण शेताकडे वळू. एक अश्वशक्तीची मोटार चालताना ७ अँपिअर प्रवाह घेते आणि ती खांबापासून ३०० मीटरवर आहे असे समजा. वीज जावयास एक तार व परत यावयास दुसरी, म्हणून लांबी ६०० मीटर धरावयाची. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक किलोमीटर तारेचा रोध सुमारे १७ ओहम असतो. तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर आमच्या ६०० मीटरचा रोध सुमारे ४.१ ओहम भरेल. त्यास ७ ने गुणले म्हणजे जवळजवळ २९ व्होल्ट. खांबाशी २३० असले तरी मोटारीस २०१ च मिळणार! शिवाय २९ ला पुन्हा ७ ने गुणले म्हणजे सुमारे २०० वॅट शक्ती नुसती तार तापविण्यात खर्च होणार. आठ तास मोटार चालली की दीड युनिटाहून अधिक वीज अशी वाऱ्यावर गेली. हीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली असती तर तूट १८ व्होल्टांवर आली असती.

दाब कमी पडला की मोटार दुबळी होऊन कमी वीज खाते असे कित्येकांस वाटते. तसे नाही. पाणी तर तेवढेच उचलावयाचे असते. म्हणून दाब घटला की मोटार बहुधा अधिक प्रवाह ओढते. आठ अँपिअरचे दहा झाले तर वेटोळ्यातील उष्णता चौसष्टाची शंभर होते, आणि वेटोळ्यावरील आवरण हळूहळू करपू लागते. मोटार जळते ती अशी. येथे हेही सांगितले पाहिजे की फिरणाऱ्या मोटारीस वरील साधा भागाकार व गुणाकार जसाच्या तसा लागू पडत नाही. घरच्या विजेची दिशा सारखी उलटसुलट होत असते, आणि फिरती मोटार स्वतःही उलट दाब उत्पन्न करते. तापणाऱ्या उपकरणांस व लांब तारांस मात्र तो व्यवहारापुरता चांगला लागू पडतो.

मग दोष कोणाचा हे कसे ठरवावे? जाणत्या वायरमनकडून, मोटार चालू असताना, खांबाशी एकदा व मोटारीशी एकदा दाब मोजवून घ्यावा, आणि प्रवाहही पाहावा. खांबाशीच दाब कमी असेल तर दोष पुरवठ्याचा. तेथे जाड तार घालून किंवा मोटार बदलून काही उपयोग नाही. खांबाशी २२८ व मोटारीशी १९९ असेल तर वजाबाकी २९. तिला ७ ने भागले की सुमारे ४.१ ओहम. हा आकडा तारेच्या लांबी-जाडीवरून काढलेल्या रोधाशी जुळला तर तार बारीक आहे; त्याहून बराच मोठा आला तर मध्ये कोठेतरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे. विद्यार्थ्यांनी मात्र ही मापे स्वतः घेऊ नयेत. त्यांचे प्रयोग कोरड्या सेलवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावेत. ओल्या हाताचा रोध फार कमी होतो, आणि त्या वेळी हाच नियम प्राण घेतो.

सन १८२५ मध्ये ओहम यांच्या हातून काय चूक झाली होती, हे आता वाचकांनी आठवावे. उगमातील दोष त्यांनी तारेच्या माथी मारला होता. आमच्या शेतात आजही तेच घडते: तारेचा दोष मोटारीवर, सांध्याचा दोष पुरवठ्यावर, आणि सर्वांचा मिळून दोष दैवावर. त्यातून सुटण्याचा मार्गही त्या शाळामास्तरांनीच घालून दिला आहे. आधी उगम पाहावा, मग वाट पाहावी, प्रत्येकाचे माप वेगळे घ्यावे, आणि आकडा आपल्या मताविरुद्ध गेला तर मत बदलावे.

पालकांस आमची एक विनंती आहे. घरी मूल विजेचे गणित सोडवीत बसले असेल तर त्यास एखादे दिवशी आपल्या शेतातील तारेची लांबी, जाडी व मोटारीवरील आकडे आणून द्यावेत. एरलांगेनच्या त्या कुलूपकाराने आपल्या कारखान्यात मुलांस जे दिले, तेच आमच्या गोदेच्या व मांजरेच्या काठच्या बापांसही देता येण्यासारखे आहे. पुस्तकातले गणित मुलाने घरच्या पिकासाठी मांडले, आणि त्यामुळे एका जरी शेतकऱ्याची मोटार जळावयाची वाचली, तरी शाळामास्तर ओहम यांचे स्मरण आम्ही योग्य रीतीने केले असे आम्हांस वाटेल.